मंडपापर्यंतची सडक

मंगल,

ते म्हणतात, तुला सायकल चालवता येत नव्हती.

कंत्राटदार म्हणतो, त्याचा मुकादम म्हणतो, आणि त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून आता आमचे मोठे गुरुजीसुद्धा म्हणायला लागलेत. परवा मधल्या सुटीत त्यांनी मला बाजूला घेतलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाई, झालं ते वाईटच झालं. पण उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, हे तिला कळायला पाहिजे होतं." मी हातातला खडू तिथंच टाकला आणि वर्गात निघून गेले. पुढच्या ब्रेकविषयी ते मला सांगतात! आणि तेही तुझ्या नावानं!

तुला जाऊन महिनाही झालेला नाही. लोक मला विचारतात, रडलीस का ग? रडून घे, मोकळी होशील. मला रडू येत नाही, मंगल. सकाळी उठते तीच दात आवळून. तुझ्या खोलीचं कुलूप दिसलं की डोकं फिरतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. तुलाच सांगायचं आहे, तू गेल्यावर इथं काय काय झालं ते.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आपल्या दोघींच्याही नेमणुका इकडं निघाल्या. मी नांदेडची, घरापासून कॉलेजपर्यंत पायी जाणारी, वडिलांच्या बदलीखेरीज गाव न पाहिलेली. तू धर्माबादची, धान्याच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या बापाची लेक. जळकोटला एका घराच्या मागच्या बाजूच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या आपल्याला मिळाल्या. माझी शाळा हळदवाडीला, तुझं आरोग्य उपकेंद्रही हळदवाडीला, आणि तुझ्या वस्त्या तिच्याही पलीकडं. एसटी जळकोटाच्या पुढं जात नव्हती. मी रोज चालत निघायचे, आणि तू घंटी वाजवत माझ्या बाजूनं पुढं निघून जायचीस. तुझ्या कॅरिअरला औषधांची पेटी बांधलेली असायची आणि पदर कमरेला खोचलेला.

घरमालकीण आठवते ना? पहिल्याच दिवशी तिनं मला आडावर नेऊन पोहरा दाखवला आणि हळूच म्हणाली, "तुमी घेत जा बाई. त्या नर्सबाईला मी वरून वाडीन." तू ते ऐकलंस. दुसऱ्या दिवसापासून उपकेंद्राजवळच्या हापशावरून कॅन भरून सायकलला लावून आणायला लागलीस. मी तुला म्हटलं, माझ्या घागरीतलं घे की. तू म्हणालीस, "तुझ्या घागरीतलं घेईन, पन तिच्या आडातलं न्हाई." ते दोन्ही एकच पाणी होतं, हे मी तुला पटवून द्यायला गेले आणि आपलं पहिलं भांडण झालं. पुढं त्या आडाचंही पाणी आटलं. मग तीच बाई तुझ्या कॅनकडं बघत दारात उभी राहायची. तू तिला तांब्याभर द्यायचीस. मला ते आवडायचं नाही. कामून देतेस, म्हणून मी चिडायचे.

तुझ्या अंत्ययात्रेला धर्माबादला ती आली नाही. पण इथं ओसरीत बसून सगळ्यात मोठ्यानं तीच रडली. मी दार लावून घेतलं.

मला सायकल शिकवलीस ती गेल्या वर्षीच्या फाल्गुनात. पळस पेटला होता, कडुनिंबाला मोहोर होता, आणि सकाळचा वारा अजून गार होता. पाऊस लागोपाठ चुकल्यामुळं माळ मात्र भुंडे झाले होते. जळकोटाबाहेरच्या माळावर तू मला सीटवर बसवलंस आणि मागून धरून पळालीस. मी पडले. परत बसवलंस. परत पडले. मी म्हटलं, मला होणार नाही. तू म्हणालीस, "बी.ए. झालीस ना? मग हेबी होईल. त्यापेक्षा सोपं हाय."

साधा रस्ता जमला तसं तू मला मुद्दाम गिट्टीवर नेलंस. हळदवाडीच्या सडकेचं दुष्काळी काम नुकतंच सुरू झालं होतं. बाया कडेला बसून दगड फोडायच्या, आणि फोडलेली गिट्टी रस्त्यावर पसरलेली. चाक त्यावर चढलं की हँडल हातातून निसटायला बघायचं. मी जीव खाऊन ते आवळलं, तशी तू मागून ओरडलीस, "घट्ट कामून धरून राहिलीस? हँडल हाय ते, चोराचं मनगट न्हाई!"

तुझं सगळं शिकवणं मला पाठ आहे. हँडल ढिलं धर, चाक जरा इकडंतिकडं जाणारच, जाऊ दे त्याला. पायडल थांबवू नको. चाकाखाली बघू नको, नजर लांब ठेव. उतारावर सीटवरून थोडी उठ आणि अंग मागं टाक. हळू व्हायचं ते वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि गिट्टीवर पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही, मग कायबी होवो. एकदा मी लावला. हँडल आडवं झालं आणि मी तोंडावर आपटले. ओठ फुटला. तू त्याच पेटीतलं औषध लावलंस आणि म्हणालीस, "आता जन्मात विसरणार न्हाईस."

आणि ते म्हणतात, तुला कळत नव्हतं.

आपलं एकाच गोष्टीवर कधी जमलं नाही. रस्ता फारच वाईट आला की मी उतरून सायकल हाती धरून चालायचे. तू उतरायची नाहीस. "पेटी घेऊन चालत गेले तर वस्तीवर दुपार होते. तवर लेकरू थांबत नसतं," म्हणायचीस. तुझं बरोबर होतं. पण मी सांगायचे की तू पडलीस तर कुणीच पोचणार नाही, तेव्हा माझंही बरोबरच होतं. तू हसण्यावारी न्यायचीस. त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

सडक करायला पाणी लागतं, हे आपल्याला तेव्हाच कळलं. गिट्टी पसरायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा, म्हणजे दगड दगडाला धरतो. पाण्याशिवाय कितीही रोलर फिरवा, गिट्टी मोकळीच राहते. गावाला प्यायला नव्हतं, तिथं सडकेला कुठून येणार? तेव्हा वर्षभर ती गिट्टी तशीच पडून राहिली. बैलगाड्यांनी बाजूनं आपली जुनी चाकोरी धरली. आपणही त्याच चाकोरीतून जायचो. मऊ फुफाटा, पण चाक सरळ जायचं. पाणीच नाही म्हटल्यावर कुणावर रागवायचं? आपण कुणावर रागावलोही नाही.

मग यंदा चैत्र लागला आणि बातमी आली की बडे पाहुणे येणार, सडकेचं उद्घाटन होणार. हळदवाडीच्या अलीकडं वडाखाली मंडप पडला. आणि एका सकाळी टँकर आला.

बाया हातातले हातोडे टाकून घागरी घेऊन धावल्या. केराबाई सगळ्यांत पुढं. तीच केराबाई, पलीकडच्या वस्तीवरची, जिच्या सुनेचं बाळंतपण तू कंदिलाच्या उजेडात केलं होतंस. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मागं व्हा! हे पानी सडकेचं हाय!"

केराबाई म्हणाली, "सडक पानी पिती का रं?"

तू तेवढ्यात तिथं पोचलीस. मी मागून येत होते, म्हणून सगळं पाहिलं. तू सायकल टँकरच्या पुढ्यात आडवी टाकलीस आणि उभी राहिलीस. मुकादम धावत आला. "नर्सबाई, तुमचं काम काय इथं?" तू म्हणालीस, "गावात हगवण चालू हाय. हापसाबी आटला, वढ्यातल्या झऱ्याचं पिऊन राहिलेत लोक. माझंच काम हाय." त्यानं कंत्राटदाराला बोलावलं. तो आला, पांढरे कपडे, तोंडात पान. तुझ्याकडं न बघता मला म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा हिला." मी म्हटलं, "तीच सांगतेय ते ऐका."

बायांनी घागरी भरल्या. एकेकच, पण भरल्या. उरलेलं पाणी त्यानं सडकेवर ओतलं, आणि ते पुरलं मंडपापर्यंत. मंडपापर्यंत सडक अशी गुळगुळीत झाली की पाटीसारखं लिहावं तिच्यावर. पुढं उतार, ओढ्यावरचं वळण, आणि सगळी मोकळी गिट्टी. तिच्यावर वरून आणखी गिट्टी टाकली, दिसायला सडक वाटावी म्हणून. आणि जुन्या चाकोरीत दगडांचे ढीग लावले, बैलगाड्यांची धूळ पाहुण्यांवर उडू नये म्हणून. तू परत त्याला गाठलंस. "सडक न्हाई तर न्हाई, चाकोरी तरी मोकळी ठेवा. माणसं जायची कुठून?" तो म्हणाला, "कार्यक्रम होऊ द्या. मग बघू."

कार्यक्रमाच्या सकाळी आपलं भांडण झालं. पोरींना स्वागतगीत म्हणायला उभं करायचा हुकूम होता. तू म्हणालीस, पोरी उन्हात चक्कर येऊन पडतील, तू नेऊ नकोस. मी म्हटलं, हुकूम आहे. "हुकूम हाय म्हणून विहिरीत उडी मारशील?" मी म्हटलं, विहिरीत पाणी तरी कुठं आहे. तू हसली नाहीस. मला भित्री म्हणालीस. मी म्हटलं, तुला नोकरीची फिकीर नाही कारण तुला कुणाची भीती नाही, पण सगळी माणसं तशी नसतात. तू सायकल काढलीस आणि निघून गेलीस. मी अजूनही म्हणते, माझ्यासमोर दुसरा रस्ता नव्हता. तू परत आली असतीस तर आपण हे संध्याकाळपर्यंत भांडलो असतो, आणि मग भाकरी खाल्ली असती.

पाहुणे उशिरा आले. पोरी उन्हात तळत उभ्या. भाषण सुरू झालं. नवा जिल्हा, नवी सडक, असं बरंच काही. भोंगा माळभर ऐकू जात होता. तू मंडपाच्या मागून जाताना मला दिसलीस. केराबाई तुझ्यासोबत पळत होती, नातवाला रात्रीपासून जुलाब, डोळे आत गेलेले. तू तिला मागं टाकून पुढं झालीस. पक्क्या सडकेवर तुझी सायकल सुरेख चालली. मग ती उतारावर दिसेनाशी झाली.

पुढचं मला केराबाईनं सांगितलं. ती वरून बघत होती. तू सीटवरून उठली होतीस, अंग मागं, पायडल चालू. वळणाच्या आधीच हळू झालीस. "बाई, म्होरच्या ब्रेकला हातबी न्हाई लावला तिनं," केराबाई म्हणाली. "वळनात गिट्टीच खाली सरकली. समदीच्या समदी. त्यासंगं ती गेली." कठडा नव्हता. खाली ओढ्यात कंत्राटदारानंच टाकलेले दगड.

केराबाई मंडपात धावत आली, ओरडायला तिच्यात दम नव्हता. मी पुढं गेले. एकाला म्हटलं, जीप द्या, नर्सबाई पडल्यात. तो म्हणाला, "भाषण संपू द्या, बाई." दुसऱ्याला म्हटलं. त्यानं तोंडावर बोट ठेवलं. तेव्हा पोरींच्या गाण्यासाठी लावलेला माईक मी धरला. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. पोरी सांगतात, मी म्हणाले, "पुढं सडक नाही. आमची नर्स तिथं पडली आहे. गाडी द्या." भोंग्यातून ते साऱ्या माळावर गेलं. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. मग जीप मिळाली. पाहुण्यांनीच दिली, हे सांगायला पाहिजे.

तुला उदगीरला नेलं, तिथून नांदेडला. माझ्या गावाला. मी जीपमध्ये मागं, तुझं डोकं मांडीवर. एकदा तू डोळे उघडलेस. मला वाटलं, सकाळच्या भांडणाचं काही बोलशील. तू म्हणालीस, "मीठ चिमूटभरच... साखर मूठभर." मी म्हटलं, हो, सांगते त्यांना. मग तू बोलली नाहीस.

केराबाईनं ते तोवर केलंही होतं. जीप गेल्यावर तुझ्या पेटीतल्या पुड्या घेऊन ती त्याच गिट्टीवरून अनवाणी वस्तीवर गेली. तू शिकवलेलं साखरमिठाचं पाणी चमच्याचमच्यानं दिवसभर पाजत राहिली. पोरगं वाचलं, मंगल. आता रांगतं. मातीही खातं. हे तुला सांगायचं होतं. या सगळ्यात चांगलं असं एवढंच झालं.

बाकी जे झालं ते ऐक. पुढच्याच आठवड्यात टँकर आला. उतारावर मुरूम टाकला, पाणी मारलं, रोलर फिरला. दोन दुपारींचं काम! एवढंच होतं ते. मी शाळेच्या दारातून रोलरचा आवाज ऐकत राहिले, आणि पोरांना पाढे म्हणायला लावले, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं. ओढ्याच्या वळणावर आता कठडाही आहे, चुना लावलेला.

आणि वर कळवलं गेलं की नर्सबाईंचा स्वतःच्या चुकीनं सायकलवरचा ताबा सुटला. तू सरकारी नोकर, म्हणून लातूरहून चौकशी निघाली. मोठे गुरुजी म्हणाले, त्यात पडू नका बाई, तुमची नांदेडची बदली अडकेल. वर्षभर मी त्या बदलीसाठी अर्ज करत होते आणि त्यावरून तू मला टोचत होतीस. मी गुरुजींना म्हटलं, अडकू द्या.

तुझ्या जलदान विधीला मी धर्माबादला गेले. तुझे बाबा दारात बसले होते. ते म्हणाले, "बाई, माझ्या लेकीला सायकल येत होती. तेवढं लिहून द्या म्हनावं. दुसरं मला काही नको." सायकल त्यांनीच घेऊन दिली होती ना तुला. मोंढ्यात लोक त्यांना विचारत होते, पोरीच्या जातीला कशाला दिलीत.

आम्ही तिघं लातूरला गेलो. मी, तुझे बाबा आणि केराबाई. कचेरी इतकी नवी की खोल्यांना पाट्या नव्हत्या, या दारातून त्या दारात हिंडलो. चौकशीचे साहेब तरुण होते. त्यांनी मला विचारलं, त्यांना चालवता येत होती का? मी म्हटलं, मला तिनंच शिकवली. त्यांनी केराबाईला विचारलं, तुम्ही काय पाहिलं? केराबाई खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "सायेब, तुमी या. तुमाला सायकल देते. आन गिट्टी पसरून देते." साहेबांनी कागद पुढं ओढला. मग लिहिलं, आणि वाचून दाखवलं: रस्त्यावरील मोकळ्या खडीवरून घसरून. स्वतःची चूक हे शब्द त्यांनी खोडले. कंत्राटदाराचं नाव मात्र कुठंच आलं नाही. मी विचारलं. ते म्हणाले, तो माझा विषय नाही. मी विचारलं, मग कुणाचा आहे? त्यांनी घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं.

कंत्राटदार आता शिरूर अनंतपाळकडं दुसरी सडक करतो आहे, असं ऐकते. तिथंही मंडप पडेलच. माझा राग कमी झालेला नाही, मंगल. कमी होऊ देणारही नाही. तक्रार लिहिली आहे. केराबाईनं अंगठा दिला आहे, गिट्टी फोडणाऱ्या बायांनीही दिला आहे. काही होणार नाही म्हणतात सगळे. नाही झालं तर नाही, पुन्हा लिहीन.

लातूरच्या स्टँडवर आम्ही धर्माबादच्या गाडीची वाट बघत बसलो. केराबाई सावलीत आडवी झाली होती. बाबांनी पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाले, "लई जोरात चालवायची का ती?"

"हाव," मी म्हटलं. "लई."

ते जरासे हसले. मग विचारलं, "उताराला भ्यायची का?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"मी भ्यायचो," ते म्हणाले. "रोज."

तेवढ्यात गाडी लागली, आणि ते पिशवी उचलून जागा धरायला पुढं झाले.